निस्तार जीवनाची पूर्वतयारी

सरकारी हिशेबतपासनिसाच्या खुर्चीत ३४ वर्षे बसून ज्याची दृष्टी एकदा जमाखर्चाच्या रकान्यांत घडली, त्याला निवृत्तीनंतर वैराग्याची ओढ लागली तरी तीदेखील बेरीज-वजाबाकीच्या वाटेनेच लागते, असा माझा अनुभव आहे. गेल्या वर्षी वैशाखातील एका दुपारी टपालाने, दूरध्वनीने आणि पहारेकऱ्याच्या हस्ते अशी एकूण पाच देयके माझ्या टेबलावर एकाच दिवशी रुजू झाली: विजेचे, नळीतून येणाऱ्या गॅसचे, इंटरनेटचे, गृहसंस्थेच्या देखभालीचे, आणि चार धरणांच्या पायथ्याशी वसलेल्या पुण्यासारख्या शहरात राहूनही टँकरने आणवाव्या लागणाऱ्या पाण्याच्या वर्गणीचे. जुन्या शिरस्त्याप्रमाणे मी ती ओळीने मांडली, प्रत्येकाच्या समासात बरोबरची खूण केली, बेरीज मारली. आणि बेरजेखाली रेघ ओढताना माझ्या असे ध्यानात आले, की या पाचही नळ्यांचे दुसरे टोक कोणा ना कोणा परक्याच्या हाती असून, मी ज्यास आजवर मोठ्या ममत्वाने ‘मी’ म्हणत आलो तो मजकूर इसम म्हणजे वस्तुतः त्या पाच नळ्या जेथे एकत्र येतात तो निव्वळ एक जोड आहे. त्याच संध्याकाळी मी सर्व नळ्या तोडून संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीवर राहावयास जाण्याचा निश्चय घरात जाहीर केला.

“म्हणजे आजोबा, तुम्ही ऑफ-ग्रिड जाणार!” असे नातू म्हणाला. शब्द कानाला रुक्ष वाटला. शिवाय ज्या स्थितीत मनुष्यजात हजारो वर्षे राहिली, तिला काल-परवाचे परकीय नाव असावे हेही मला रुचेना. तारेवाचून जगणे ते ‘निस्तार’ जीवन, असा प्रतिशब्द मी दोन दिवसांच्या चिंतनानंतर सिद्ध केला. निस्तार म्हणजे तरून जाणे, पार पडणे, हा संस्कृतातील अर्थ त्यात आयताच अंतर्भूत होता. सौ.ला तो सांगितला तेव्हा ती निवडत असलेल्या मेथीवरची नजर न काढता म्हणाली, “शब्द चांगला आहे. तुम्ही कराल ते पुढे मलाच निस्तरायचंय, तेव्हा नाव आधीच ठेवलंत ते बरं झालं.”

अशा प्रसंगी पूर्वाधार पाहण्याची आमच्या खात्यात पद्धत असे, म्हणून मी प्रथम ग्रंथांकडे वळलो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात, गृहस्थाने स्वतःच्या अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मुलाला झालेले मूल पाहिले म्हणजे अरण्याचा आश्रय करावा, असे सांगितले आहे. या तिन्ही अटींची पूर्तता मी निर्विवादपणे करीत असल्यामुळे पात्रतेविषयी हरकत निघण्यासारखी नव्हती. पत्नीस मुलांच्या स्वाधीन करून जावे अथवा बरोबर न्यावे, असा विकल्पही तेथे दिलेला आहे. तो मी सौ.ला वाचून दाखविला, तेव्हा नवऱ्याला मुलांच्या स्वाधीन करून बायकोने निघून जावे हा तिसरा विकल्प मनूला कसा सुचला नाही, एवढेच तिने विचारले.

दुसरा आधार थोरोचा. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणलेला हा अमेरिकन तत्त्वचिंतक ४ जुलै १८४५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील एका तळ्याकाठी, स्वहस्ते बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला आणि तेथे दोन वर्षे, दोन महिने व दोन दिवस राहिला. घराच्या बांधकामास आलेला खर्च त्याने तपशीलवार छापला आहे: २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. त्या अर्ध्या सेंटाविषयी माझ्यातील हिशेबतपासनिसाला गहिवरून आले. परंतु खतावणी बारकाईने पाहता काही बाबी खटकू लागल्या. जमीन त्याच्या स्नेह्याची, म्हणजे एमर्सनची, सबब कब्जेदाराच्या सदरी थोरोचे नाव नाही. झाडे तोडण्याची कुऱ्हाड उसनी. आणि त्याचे कॉन्कर्ड गाव अवघ्या दीड मैलावर, जेथे तो वरचेवर जाई आणि आप्तेष्टांच्या घरी जेवूनही येई. जमिनीचे भाडे, अवजाराचे मोल आणि घरच्या पानावरचे जेवण या तीन रकमा खर्ची न टाकता काढलेली ती बेरीज मी नोकरीत असताना मंजूर केली नसती.

माझी तयारी मात्र चोख होती. पहिल्या तीन महिन्यांत मी तीन कोयते, एक सूर्यचूल आणि नऊ विजेऱ्या खरेदी केल्या. कोकणात फुरशांचा व विंचवांचा सुळसुळाट असल्यामुळे रात्री उजेडावाचून पाऊल टाकू नये, हे खरे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू करून असंख्य जीव वाचविले असले, तरी आपण त्या यादीत भर घालावी अशी माझी इच्छा नव्हती. तथापि त्या नऊ विजेऱ्यांपैकी सात विजेवर भराव्या लागतात, ही गोष्ट सौ.ने पावत्या डकवताना माझ्या नजरेस आणली. सूर्यचूल आमच्या सज्जात मांडली. परंतु समोरच्या बारा मजली इमारतीची सावली अकरा वाजता तिच्यावर येई, त्यामुळे तीत शिजविलेला पहिला भात आम्ही रात्री गॅसवर पूर्णत्वास नेला. शिवाय तारेवाचून कसे जगावे याचे जे अद्ययावत ज्ञान जगात उपलब्ध आहे ते सर्व चलचित्रांच्या रूपाने तारेतूनच येत असल्याने, मला इंटरनेटची अधिक वेगवान आणि अर्थातच अधिक महाग जोडणी घ्यावी लागली.

सौ.चा या बाबतीतला अधिकार माझ्याहून मोठा आहे, हे मी येथे मान्य केले पाहिजे. तिचे माहेर राजापूर तालुक्यातले. लग्न होऊन पुण्यास येईपर्यंत तिने रहाटाने पाणी ओढले, जात्यावर दळले, ओली लाकडे फुंकून डोळे लाल करून घेतले, आणि रोज तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखुंडीने पुसून लख्ख केली. मी चलचित्रे पाहून जे शिकत होतो ते तिला पाठ होते, किंबहुना ते विसरण्यातच तिची चाळीस वर्षे गेली होती. मी एकदा ‘निसर्गाशी सुसंवादी असे स्वयंपूर्ण जीवन’ या विषयावर तिच्यापुढे थोडे बोललो. ती शांतपणे म्हणाली, “अहो, आमच्याकडे त्याला ‘लाइट अजून आलेली नाही’ असं म्हणत.”

सौरविजेच्या दुकानात आम्ही दोघेही गेलो. तेथल्या तरुणाने खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि वही उघडून अदबीने विचारले, “काका, तुमचा लोड किती?” सौ.ने माझ्याकडे पाहिले, पण काही बोलली नाही.

त्यानंतर त्याने जे गणित मांडले, त्याची टाचणे मी जपून ठेवली आहेत. कारण शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान आयुष्यात प्रथमच माझ्या अंगाला लागत होते, आणि तेही अक्षरशः. पाणी तापविण्याचा आमचा गिझर २००० वॉटचा; तो अर्धा तास चालला की एक युनिट खर्ची पडते. घरगुती उपयोगाची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली असता तिच्यात १८०० वॉट-तास, म्हणजे पावणेदोन युनिटांहून किंचित अधिक वीज मावते. परंतु ती दीर्घायुषी व्हावी असे वाटत असेल तर निम्म्याहून अधिक उपसा करू नये, असे शास्त्र आहे. म्हणजे हाती लागते ते ०·९ युनिट. दोन माणसांनी घामाघूम होऊन उचलायची, वरचेवर शुद्ध पाणी पाजायची आणि काही वर्षांनी बदलायची अशी एक आख्खी बॅटरी माझ्या एका आंघोळीलाही पुरी पडत नाही, हे सत्य त्या वातानुकूलित दुकानात मला उमगले. आणि आजवर रोज सकाळी स्तोत्रे म्हणत म्हणत मी केवढी ऊर्जा डोक्यावर ओतून घेत होतो या विचाराने शहारा आला. “बंब होता की आपला तांब्याचा,” सौ. पुटपुटली. तो बंब मीच १९९४ साली, अडगळ म्हणून, वजनावर मोडीत काढला होता. तसाच एक बंब हल्ली जुन्या वस्तूंच्या दुकानात कुंडी ठेवण्यासाठी विकावयास असतो. त्याच्या किमतीत दीड बॅटरी येते.

पुढचा प्रश्न पावसाचा होता. एक किलोवॉटच्या सौरतावदानांतून सरासरीने दिवसाला चार युनिटे मिळतात म्हणे. परंतु आषाढी एकादशीला निजलेले देव कार्तिकीला उठतात त्या अवधीत, आमच्या कोकणात सूर्यनारायणही बहुतांशी त्यांच्याच पंक्तीला असतो. सलग आठ दिवस ऊन पडले नाही तर काय करावे, असे मी विचारले. “मग काका, छोटा जनरेटर ठेवायचा,” तरुण म्हणाला. जनरेटर डिझेलवर चालतो. म्हणजे पाच नळ्या तोडून मी जी सहावी जोडणार होतो तिचे दुसरे टोक थेट आखाती देशांत जात होते.

पाण्याचा हिशेब मी घरी बसून स्वतःच केला व तो करताना मला अपार सुख झाले. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, इतके निर्मळ आणि अपूर्णांकरहित त्रैराशिक विधात्याने दुसऱ्या कोणत्याही विषयात ठेवलेले नाही. आमच्या भागात वर्षाला सुमारे ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून साडेतीन लाख लिटर पाणी वाहून जाते. आणि आम्हा दोघांची गरज माणशी रोज १०० लिटर धरली, तरी ऑक्टोबर ते मे या २४३ दिवसांना ४८,६०० लिटर पुरतात. पडते त्याचा सातवा हिस्सा! विजयाच्या आवेशात मी हा कागद सौ.पुढे ठेवला. तिने तो नीट वाचला आणि विचारले, “आणि हे पन्नास हजार लिटर मेपर्यंत ठेवायचं कशात?” जांभ्याचा खडक पाणी धरीत नाही, श्रावणात जेथे ओढे तुडुंब वाहतात तेथेच शिमगा सरला की बायका हंडे घेऊन चढ चढतात, हे तिने लहानपणी पायांनी शिकलेले होते. टाकीचा अंदाज काढवला, तो घराच्या अंदाजाच्या जवळपास आला. शेवटी विहीर खणण्याचे ठरून एक पाणाड्या बोलावला. तो उंबराची दुबेळकी काठी दोन्ही हातांत धरून आमच्या १९ गुंठ्यांतून तासभर फिरला, आणि बरोबर मधोमध काठी खाली वाकली, तेथे त्याने चुन्याची फुली मारली. काठी कशाने वाकते याविषयी मी मत देत नाही. त्याची बिदागी मी ‘किरकोळ’ या सदरात दाखविली आहे.

इंधनाचे प्रकरण थोडक्यात उरकतो. दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, एक गाय दहा किलोच्या आसपास देते, म्हणजे पाच गाई. आणि पाच गाई पाळणारा मनुष्य सख्ख्या भाचीच्या लग्नालाही परगावी जाऊ शकत नाही. शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारे आटोपशीर संयंत्र पुण्यातच डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने विकसित केलेले आहे व त्यास २००६ साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला आहे. परंतु आमच्या घरात खरकटे पडत नाही. दुध्याच्या सालींची चटणी, शिळ्या पोळ्यांचा कुस्करा आणि उरलेल्या भाताचे सांडगे करणाऱ्या गृहिणीच्या संसारात ते संयंत्र उपासमारीने मरेल.

हे सर्व होऊनही माझा निश्चय ढळला नव्हता, याचे प्रत्यंतर म्हणून माघातील एका रविवारी मी पुण्याच्या घरातच निस्तार जीवनाची रंगीत तालीम घेतली. सकाळी सात वाजता मुख्य बटण बंद केले, गॅसची चावी फिरविली, पाण्याचा नळ बंद केला आणि दूरध्वनी कपाटात ठेवला. पहिले दोन तास मोठ्या प्रसन्नतेत गेले. फ्रीजची घरघर थांबल्यावर शेजारच्या पिंपळावर साळुंक्या असतात हे मला नव्याने कळले. नऊ वाजता दूधवाल्याने दार बडविले. घंटा वाजत नव्हती. साडेनऊला पहारेकरी आला. वर सगळे ठीक आहे ना, हे पाहून येण्यास त्याला कोणी सांगितले होते. दहा वाजता गृहसंस्थेचे चिटणीस स्वतः आले, इकडचे तिकडचे बोलले, आणि निघताना आवाज खाली आणून म्हणाले, “काका, निवृत्तिवेतनाचं काही अडलंय का? बिल भरायचं राहिलं असलं तर संकोच करू नका.” मी तत्त्व समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, आणि दहा मिनिटांनी त्यांच्या मुलाने जिन्यातून लांबलचक वायर आणून तिचे बटण आमच्या उंबऱ्याच्या आत ठेवले.

दुपारपर्यंत इमारतीत बातमी पसरली. तिसऱ्या मजल्यावरून पिठलेभात आला, पाचव्या मजल्यावरून गरम पाण्याची बादली आली, समोरच्या बिऱ्हाडातल्या वृद्ध बाई स्वतः आल्या व सौ.जवळ तीन तास बसल्या. बावीस वर्षे एकाच मजल्यावर राहून त्या दोघींचे माहेर एकाच नदीकाठचे आहे हे त्यांना त्या दिवशी कळले. रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी दिवसाचा ताळेबंद मांडला, तेव्हा जमेच्या बाजूला चार डबे, दोन बादल्या आणि एक वायर दिसत होती. असा स्वयंपूर्ण दिवस मी पूर्वी कधी घालविला नव्हता. सौ. म्हणाली, “हे असं महिन्यातून एकदा करत जाऊ या,” आणि ती थट्टा करीत नव्हती.

उरले कागदपत्र, आणि खरे म्हणजे मी सुरुवात तेथून करावयास हवी होती. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या नावावर वडिलोपार्जित हिस्सा असल्यामुळे मी तरी त्या कचाट्यातून सुटलो, या समाधानात मी सातबाऱ्याचा ताजा उतारा काढवला. त्यात २३ सहहिस्सेदार निघाले. त्यांपैकी नऊ कैलासवासी असून दोघे इंदुरात आहेत. हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते माझ्या नावापुढचे. वडील १९६६ साली वारले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, व वारसनोंद करणाऱ्या त्या वेळच्या तलाठ्याने रीतसर माझ्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी अक्षरे घालून चुलत्यांचे नाव लिहिले होते. मी पुढे सज्ञान झालो याची खबर दप्तराला कोणी दिली नाही. चुलते १९८८ साली गेले याचीही नाही. सबब सरकारच्याच खात्यात ३४ वर्षे इतरांचे हिशेब तपासून, सन्मानाने निवृत्त झालेला, नातवंडाचा धनी असा मी सरकारी दप्तराप्रमाणे अद्याप अज्ञान आहे. सौ.ने तो उतारा दोनदा वाचला आणि त्याची एक प्रत काढून आपल्या कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवली.

वैशाख पुन्हा आला तेव्हा आम्ही विहिरीच्या कामासाठी गावी गेलो. आमच्या वाडीतला विजेचा शेवटचा खांब सड्याच्या अलीकडे होता. पलीकडे आमची जमीन आणि मग चार घरे. वीज घेणार नाही असे मी वाडीच्या गावकरांना मागेच सांगितले होते. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले होते, बराच वेळ विडीकडे पाहत बसले होते, आणि मग मला न विचारता सौ.ला विचारले होते, “काकूनू, काकांची तब्येत बरी हाय ना?” या वेळी पोहोचून पाहतो तो जमिनीच्या मधोमध, नेमका पाणाड्याच्या चुन्याच्या फुलीवर, एक कोरा करकरीत विजेचा खांब उभा. चार घरांची लाइन न्यायला मध्ये एक खांब लागत होता. वाडीने अकरा वर्षे केलेले अर्ज अखेर मंजूर झाले होते.

मी तडक तालुक्याची कचेरी गाठली आणि लेखी हरकत दाखल करू लागलो. बारनिशीवरच्या कारकुनाने अर्ज घेतला, उतारा घेतला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून चष्मा वर केला आणि मला आपादमस्तक न्याहाळले. “तुम्ही यात अज्ञान आहात,” तो म्हणाला. “हरकत तुम्हांला घेता येणार नाही. पालनकर्त्याची सही आणा.”

संध्याकाळी परत आलो तो दिवेलागण झाली होती. चारही घरांत दिवे लागले होते. पहिल्या घराच्या ओटीवर गावकरांची आई, सौ. आणि शेजारच्या दोन बाया त्या एका बल्बखाली, काही काम नसताना, नुसत्या बसल्या होत्या. कोपऱ्यात कंदील होता. त्याची काच कोणी पुसली नव्हती.

मी हरकत मागे घेतली आहे. आमच्या घराच्या मीटरसाठीचा अर्ज गेल्या मंगळवारी रवाना झाला. पालनकर्ता म्हणून त्यावर सौ.ने सही केली आहे.